खिडकीजवळची जागा

शाळेतून बोलावणं आलं तेव्हा शिलाईवालीच्या हातात त्याच शाळेचा गणवेश होता. एक बाही जोडून झाली होती, दुसरी राहिली होती. ते तसंच मशीनवर टाकून तिनं चपला सरकवल्या. जिना उतरता उतरता ती स्वतःला समजावत होती की वर्गात बडबड केली असेल कार्टीनं, दुसरं काय असणार.

कारण तिची मुलगी बोलायची म्हणजे बोलायची. सगळी इमारत तिला रेडिओ म्हणायची. सकाळी डोळे उघडले की सुरू, ते झोपेनं तोंड मिटवेपर्यंत. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. घरी आला की तो तिचा कान हळूच पिरगाळायचा आणि म्हणायचा, "आवाज कमी करायचं बटण याच बाजूला होतं ना?"

वर्गात बाई एकट्याच होत्या. मुलं खेळायला बाहेर गेली होती.

"बडबड करते का फार?" शिलाईवालीनं बसायच्या आधीच विचारलं.

"तशी तक्रार असती तर बरं झालं असतं," बाई म्हणाल्या. "ती बोलतच नाही हल्ली."

शिलाईवालीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. घरीही पोरगी थोडी गप्प झाली होती हे खरं, पण मोठी होतेय, अक्कल येतेय, असं म्हणून तिनं ते मनावर घेतलं नव्हतं.

"मागच्या वर्षी धडा वाचायला सांगितला की पहिला हात हिचा," बाई सांगत होत्या. "आता एक ओळ वाचते आणि परत तीच वाचते. आपण तीच वाचतोय हे तिच्या लक्षातही येत नाही. पाढे येत होते ते गेले. मध्येच चिडते, शेजारणीला ढकलते. काल मी तिला फळा पुसायला सांगितलं. डस्टर हातात घेऊन उभी राहिली. कशासाठी उठली तेच विसरली. मुलं हसायला लागली तरी तशीच उभी." बाईंनी आवाज खाली आणला. "घरी काही झालंय का?"

"नाही हो. काहीच नाही."

पण हातात वस्तू घेऊन, कशासाठी घेतली ते विसरून उभं राहणारा माणूस शिलाईवालीनं पाहिला होता. रोज पाहत होती. तो तिच्याच घरात राहायचा.

तो तिचा थोरला भाऊ. सगळ्या इमारतीचा मामा. बेकरीत पत्र्याचे ट्रे धुवायचा. स्वभावानं असा की त्याच्या पुढ्यातला घास कुणी उचलला तरी हा म्हणेल, अजून हवा का. पण बसवरची पाटी त्याला वाचता यायची नाही. दुकानातून दोन वस्तू आणायला सांगितल्या तर एक आणायचा आणि दुसरीसाठी दारात उभा राहून आठवत बसायचा. त्यांची आई सांगायची की लहानपणी हा कुणाच्याही आधी बोलायला लागला होता, चिमण्यांनाही गप्प करायचा. मग शाळेत गेला आणि वर्षागणिक मागे मागे पडत गेला. बापानं आधी समजावलं, मग शिकवणी लावली, मग पट्टा काढला. शेवटी शाळेनंच हात टेकले.

शिलाईवालीचं लग्न ठरताना होणाऱ्या सासूनं हळूच विचारलं होतं, "भावाचं हे जन्मापासून आहे का हो? म्हणजे, पुढं मुलाबाळांत..." कुणीतरी विषय बदलला. पण तो अर्धा प्रश्न शिलाईवालीच्या मनात काट्यासारखा राहून गेला. रेडिओ पोटात होती तेव्हा तिला एकच भीती होती. मुलगा की मुलगी, गोरी की काळी, याचं तिला काही नव्हतं. फक्त कुणी "मामावर गेली" असं म्हणू नये. पोरगी वर्षाच्या आत बोलायला लागली, तेव्हा कुठं तिनं मोकळा श्वास घेतला होता.

आता तो प्रश्न घेऊन ती घरी आली.

त्यांचं घर म्हणजे तिचं माहेरच. आईवडील गेल्यावर जुन्या इमारतीतल्या त्या दोन खोल्या तिच्याकडे आल्या. नवरा तिथंच राहायला आला. मित्र घरजावई म्हणून चिडवायचे, तर तो म्हणायचा, "सासूच नाही घरात, मग कसला घरजावई?" मागची खोली स्वयंपाकाची, अंधारी. पुढच्या खोलीला रस्त्याच्या बाजूला उंच लाकडी खिडकी होती. तावदानं वर-खाली सरकायची. खाली हात पसरून बसता येईल असा रुंद कट्टा. सगळ्या घरात उजेडाची म्हणून तेवढीच जागा.

लहानपणी ती जागा भावाची होती. मुलगा शिकला पाहिजे, म्हणून स्टूल मांडून त्याला तिथं बसवायचे. शिलाईवाली तेव्हा मागच्या खोलीत, भांड्यांच्या शेजारी, फरशीवर पालथी पडून अभ्यास करायची. आई हाक मारेल तेव्हा उठायचं, उरलेल्या वेळात वाचायचं. तेव्हाच तिनं ठरवलं होतं की आपल्याला मुलगी झाली तर ती खिडकीत बसेल. आणि तिनं ते करून दाखवलं होतं. रेडिओ शाळेत जायला लागली त्या दिवशी स्वतःची मशीन आतल्या अंधाऱ्या खोलीत सरकवून तिनं खिडकीजवळ पोरीसाठी छोटी खुर्ची ठेवली.

बाईंना भेटून आल्यावर शिलाईवालीनं तिला आणखी तिथं बसवायला सुरुवात केली. शाळेतून आली की हातपाय धुण्याआधीच खुर्चीवर. खेळणं बंद. खाऊ तिथंच, कट्ट्यावर. पोरगी कट्ट्यावर हनुवटी टेकवून पुस्तकाकडे बघत बसायची. शिसपेन्सिलीचं मागचं टोक चावून चावून तिनं त्याचा कुंचला केला होता.

"पोटात दुखतंय," ती म्हणायची.

"अभ्यासाला बसलं की बरं दुखतं तुझं."

"खरंच दुखतंय आई."

एकदा सातचा पाढा म्हणताना पोरगी तिसऱ्यांदा त्याच ठिकाणी अडखळली आणि शिलाईवालीचा हात उठला. गालावर बोटं उमटली. रेडिओ रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "आई, मी मामासारखी होणार का?"

मामा दारातच उभा होता. बेकरीतून नुकताच आला होता. त्याच्या कानावर ते गेलंच. तो ओशाळं हसला, जसा तो नेहमी हसायचा, आणि आत जाऊन पाणी प्यायला.

जे शब्द कुणी उच्चारू नयेत म्हणून शिलाईवाली इतकी वर्षं जपत होती, ते पोरीनंच उच्चारले होते.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. थप्पडही सांगितली.

"अहो, काहीतरी बोला."

"लिफ्ट मध्येच अडकली की आपण काय करतो?" तो म्हणाला. "आधी वायरी बघतो. तिला लाथा घालत नाही. उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"आणि डॉक्टर म्हणाले की हे रक्तातच आहे, तर?"

तो उठून दारातल्या चपला नीट लावायला लागला. ते बघून तिला आणखीच भीती वाटली. म्हणजे तोही तेच मनात धरून बसला होता.

डॉक्टर वयस्क बाई होत्या, बोलायला मोजक्या. त्यांनी पोरीची खालची पापणी ओढून पाहिली, पोट चाचपलं. रक्त कमी आहे म्हणाल्या, लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या तरी फरक पडला नाही. दुसऱ्या खेपेला त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि भलतेच प्रश्न विचारायला लागल्या. घर किती जुनं? घरात कुणी बॅटऱ्या, भंगार, असलं काही काम करतं? पाणी कुठून येतं? भिंतींचा रंग उडतो का?

"रंगाचं काय, डॉक्टर?" नवऱ्यानं विचारलं.

"पूर्वीच्या रंगात शिसं घालायचे. ते पोटात गेलं तर मुलांच्या मेंदूवर बसतं. रक्तही कमी होतं, पोटही दुखतं. असेलच असं नाही. तपासून घेऊ."

शिलाईवालीच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. "पेन्सिल चावते हो ही. शिसपेन्सिल. किती वेळा ओरडले मी..."

"नावातच आहे ते. पेन्सिलीत शिसं नसतं," डॉक्टर म्हणाल्या. "पण चावते हे लक्षात ठेवते मी. जे हाताला लागतं ते तोंडात जातं."

रिपोर्ट यायचा होता ते दिवस शिलाईवालीनं कसे काढले तिचं तिला माहीत. पोरीचा झगा उसवायचा सोडून गिऱ्हाइकाचा नवा कोरा झगा उसवून बसली. मनात एक विचार यायचा आणि त्याची तिला लाज वाटायची. रक्तात शिसंच निघू दे, असं तिला वाटत होतं. म्हणजे आपल्या घराण्याचं रक्त दोषातून सुटलं. आपल्याच लेकराच्या अंगात विष निघावं असं वाटणारी मी कसली आई, असं म्हणून ती पुन्हा मशीनवर वाकायची.

विष निघालं.

"किती असायला हवं?" नवऱ्यानं विचारलं.

"असायलाच नको," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हिच्यात पुष्कळ आहे. अजून ही रोज कुठून तरी खातेय. ते कुठून, हे आधी शोधायला हवं. तोपर्यंत औषधाचा उपयोग नाही."

रोज कुठून तरी खातेय. त्या वाक्यानं घरातली प्रत्येक वस्तू तिच्यावर डोळे वटारून बघायला लागली. शिलाईवालीनं पातेली बदलली. पाणी दुसऱ्या नळावरून आणलं. पोरीची खेळणी गाठोड्यात बांधून जिन्यात ठेवली. जेवण वाढता वाढता ती थांबायची. या ताटातून तर जात नसेल? माझ्या हातून? आणि पोरगी शाळेतून आली की कुठं बसवावं हे न कळून ती तिला खिडकीत बसवायची. तेवढीच एक स्वच्छ, उजेडाची जागा होती.

मग डॉक्टरांनी कळवल्यावरून आरोग्य खात्याचा माणूस आला. त्याच्या हातात भोकं पाडायच्या ड्रिलसारखं दिसणारं यंत्र होतं. ते तो एकेका वस्तूला टेकवायचा, थोडं थांबायचा आणि आकडा वाचायचा. घरातली सगळी माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती.

भिंत. "काही नाही."

स्वयंपाकाची भांडी. "ठीक आहेत."

नळ. दार. पलंग. प्रत्येक वेळी यंत्र वस्तूला टेकलं की शिलाईवालीचा श्वास अडकायचा आणि तो मान हलवायचा तेव्हा सुटायचा. त्यानं मशीनही तपासली. तीही ठीक होती.

मग तो खिडकीकडे गेला. यंत्र चौकटीला टेकवलं. या वेळी त्यानं काही म्हटलं नाही. दुसऱ्या बाजूला टेकवलं. कट्ट्याला टेकवलं. मग खाली वाकून त्यानं तावदान वर ढकललं. ते नेहमीसारखं करकरत वर गेलं आणि चौकटीतून बारीक पांढरी पूड कट्ट्यावर सांडली. शिलाईवाली रोज ती कोरड्या फडक्यानं पुसायची आणि फडकं खोलीतच झटकायची.

"इथं कोण बसतं?" त्यानं विचारलं.

कट्ट्याला लावलेली छोटी खुर्ची सगळ्यांना दिसत होती.

"मी," रेडिओ म्हणाली. इतके दिवस गप्प असलेली पोरगी आपल्याला काहीतरी येतंय अशा आनंदानं पुढं सरसावली. "ही खिडकी गोड लागते. बोट फिरवून चाटलं की."

शिलाईवालीनं पुढं होऊन तिचं ते बोट धरलं.

आणि मागून मामा हसत हसत म्हणाला, "हो, गोडच असते ती. वरचा रंग नाही गोड. पोपडा निघतो ना, त्याच्या आतला."

शिलाईवालीनं भावाकडे पाहिलं. डोक्यावर पांढरे केस, बेकरीच्या सोड्यानं भेगाळलेले हात, आणि चेहऱ्यावर भाचीशी गुपित जुळल्याचं कौतुक. तिला स्टुलावरचा मुलगा दिसला, कट्ट्यावर वाकलेला, बोट चाटणारा. आणि फरशीवर पालथी पडलेली, उजेडासाठी झुरणारी ती स्वतः. त्या उजेडात कधी बसू दिलं नाही म्हणून ती वाचली होती. आणि ज्या जागेचा तिला आयुष्यभर हेवा वाटला, ती जागा तिनं आपल्या हातानं पोरीला दिली होती. पाढा चुकला की आणखी तासभर तिथं बसवली होती.

नवरा आत गेला आणि पत्र्याची खरवडणी घेऊन आला. त्यानं ती चौकटीला लावली, तोच तो माणूस ओरडला, "हात लावू नका. खरवडलंत तर पूड सगळ्या घरात जाईल. आत्ता आहे त्याच्या दहापट."

"माझे वडील दरवर्षी खरवडून नवा रंग द्यायचे," शिलाईवाली म्हणाली. "आम्ही दोघं शेजारी उभे राहून बघायचो."

त्या माणसानं यंत्र पेटीत ठेवलं. कट्ट्यावर आणि चौकटीवर त्यानं प्लास्टिकचा कागद चिकटवला. फरशी ओल्या फडक्यानंच पुसायची, झाडू मारायचा नाही, पोरीचे हात खाण्याआधी धुवायचे, असं सगळं नीट समजावून तो गेला. नवरा पोरीला घेऊन खाली गेला. खोलीत भाऊ-बहीण राहिले.

"छोटे," मामा म्हणाला. तो तिला अजून छोटीच म्हणायचा. "मीही ते खाल्लं म्हणून असा झालो का?"

"माहीत नाही रे दादा. डॉक्टरांना विचारू."

त्याला विचार करायला वेळ लागायचा. ती थांबली.

"मग बाबा मला मारायचे, ते उगाच मारायचे का?"

"हो. उगाच मारायचे."

मामानं मान हलवली. मग म्हणाला, "तू हिला मारू नकोस."

डॉक्टरांनी मामाचंही रक्त तपासलं. त्यात थोडंच निघालं. लहानपणी काय झालं ते आता या रक्तावरून ठरवता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. असेलही, नसेलही. मामानं ते शांतपणे ऐकलं. पण त्यानंतर तो ओशाळा हसेनासा झाला. दुकानातून एकच वस्तू आणली तर सरळ सांगायचा, "दुसरी विसरलो, लिहून दे, वाचून घेतो कुणाकडून तरी."

खिडकी निघेपर्यंत ते नवऱ्याच्या मित्राकडे राहिले. माणसं तोंडाला फडकी बांधून आली आणि चौकटीसकट सगळं उचकटून, गुंडाळून घेऊन गेली. तिथं साधी ॲल्युमिनियमची खिडकी बसली. पोरीच्या रक्तातलं शिसं हळूहळू उतरायला लागलं. पोटदुखी थांबली, चेहऱ्यावर रंग आला. बाई तिला शाळा सुटल्यावर थांबवून घ्यायच्या, ओळीखाली पट्टी धरून वाचायला लावायच्या. त्या वर्षी ती कशीबशी पुढच्या वर्गात गेली.

"आता होईल ना पहिल्यासारखी?" शिलाईवाली प्रत्येक खेपेला विचारायची.

"रक्तातलं जाईल," डॉक्टर म्हणायच्या. "जे नुकसान झालं ते किती भरून निघेल, हे मी सांगू शकत नाही. लवकर सापडलं, एवढं खरं."

तेवढ्यावर तिला जगायचं होतं. पोरगी आता बोलायची, बरंच बोलायची, पण बोलता बोलता मध्येच थांबली की शिलाईवालीचे कान टवकारायचे. शब्द शोधतेय की शब्दच गेला? पुढचं वाक्य येईपर्यंत तिची सुई कापडात तशीच रुतून राहायची.

इमारतीतल्या सगळ्या खिडक्या एकाच सुताराच्या हातच्या आणि एकाच रंगानं रंगवलेल्या होत्या. हे तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं, आणि तरी दारं ठोठावायला तिचा पाय उचलत नव्हता. शेवटी ती खालच्या मजल्यावर गेली. तिथल्या बाईचं बाळ नुकतंच उभं राहायला शिकलं होतं. खिडकीचा कट्टा धरून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं टाकायचं आणि दमलं की कट्ट्यालाच तोंड लावायचं. शिलाईवालीनं जमेल तसं सांगितलं. यंत्राचं, पुडीचं, गोड चवीचं.

खालच्या बाईनं बाळाला उचलून कडेवर घेतलं. "तुमच्या घरात आधीपासूनच एक आहे तसा," ती म्हणाली. "आता मुलीचंही तेच निघालं, म्हणून खिडकीच्या नावानं खडे फोडता? माझं बाळ चांगलं आहे." आणि दार लावून घेतलं.

शिलाईवाली जिन्यात उभी राहिली. इतकी वर्षं जे ऐकायची भीती होती ते ऐकून झालं होतं, आणि आश्चर्य म्हणजे त्याचं तिला काहीच वाटलं नाही. दाराआड बाळ हसत होतं. तिचे कान त्या हसण्याकडे होते. तिनं परत दार ठोठावलं. कुणी उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. तिसऱ्या दिवशी मामाला घेऊन गेली. मामा बंद दारासमोर उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "ताई, मी चाटायचो ती. खरंच गोड असते."

त्या संध्याकाळी शिलाईवाली कपडे इस्त्री करत होती. रेडिओ शेजारी बसून धडा वाचत होती, बोट ओळीखाली धरून. दारावर थाप पडली. खालची बाई उभी होती. केस विस्कटलेले, बाळ खांद्याशी आवळून धरलेलं.

"हा सकाळपासून खात नाहीये," ती म्हणाली. "तसं काही नसेलही. पण तो यंत्रवाला परत कधी येतो?"

शिलाईवालीनं इस्त्री बंद केली. "आत ये," ती म्हणाली. "आधी त्याचे हात धुऊ."